विलीनीकरण: भोपाळच्या शाळांची गोष्ट

माझे साडू भोपाळला असतात. भेलच्या नोकरीसाठी तीसेक वर्षांपूर्वी गेले आणि तिथलेच होऊन गेले. आमचं जाणं फारसं होत नाही, पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि आम्ही सहकुटुंब गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. वास्कोहून निघालेली ही गाडी बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, खंडवा, इटारसी असं करत दुसऱ्या दिवशी भोपाळला पोचते. घरचे जेवणाचे डबे पुण्यापर्यंत पुरले. पुढे रेल्वेची कृपा.

लग्न पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात चहा घेत बसलो होतो. शेजारचे एक गृहस्थ आले. पन्नाशीतले, सरकारी शाळेत शिक्षक. साडूंनी ओळख करून दिली, "हे आमचे मास्तरजी." बोलता बोलता कोणत्या शाळेत शिकवता असं मी विचारलं. ते म्हणाले, "पहले दूसरे स्कूल में था, उसका तो विलीनीकरण हो गया."

विलीनीकरण! आता आम्ही गोव्याची माणसं. हा शब्द ऐकला की आमच्या पिढीलासुद्धा, ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांनाही, १६ जानेवारी १९६७ आठवतो. जनमत कौल. दोन पानं की फूल. आमच्या घरात आजोबा एका बाजूचे आणि आजीचे भाऊ दुसऱ्या बाजूचे, आणि ते भांडण मी शाळेत जाईपर्यंत अधूनमधून जेवणाच्या पानावर निघत असे. त्यामुळे विलीनीकरण म्हटलं की आपोआप कान टवकारले जातात. मी हसलो आणि मास्तरजींना म्हणालो, आमच्याकडे या शब्दानं घरं फुटली आहेत. ते म्हणाले, आमच्याकडे गोळ्या झाडल्या गेल्या आहेत.

आणि ते खरं होतं. आपल्याला भोपाळ म्हटलं की १९८४ची वायुगळती आठवते, फार तर मोठा तलाव. पण देश स्वतंत्र झाला तेव्हा भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान संस्थान पूर्णपणे सोडायला तयार नव्हते. डिसेंबर १९४८पासून तिथे आंदोलन पेटलं, आणि त्या आंदोलनाचं नावच 'विलीनीकरण आंदोलन'. पुढे राष्ट्रपती झालेले शंकर दयाळ शर्मा त्यात तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेकाठी बोरास इथे जत्रेला जमलेल्या लोकांनी तिरंगा लावायचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी गोळीबार केला. तरुण पोरं मेली. ३० एप्रिल १९४९ला नवाबांनी करारावर सही केली आणि १ जूनला केंद्र सरकारनं कारभार ताब्यात घेतला. म्हणजे गोव्यात विलीनीकरण टळलं म्हणून निम्म्या लोकांनी दिवाळी केली, आणि भोपाळात ते व्हावं म्हणून लोकांनी जीव दिला. एकच शब्द. असो.

मला मात्र मास्तरजींचं विलीनीकरण अडकून राहिलं, कारण त्याच सुमारास माझ्या टेबलावरही तसाच एक कागद होता. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी भोपाळ.

भोपाळवर १८१९पासून १९२६पर्यंत एकामागून एक चार बेगमांनी राज्य केलं. त्यातल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगम शिक्षणाच्या बाबतीत विलक्षण बाई होत्या. मुलींच्या शाळा काढल्या, १९१८मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२०मध्ये झालं तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती याच. आपल्याला सयाजीरावांनी १९०६मध्ये बडोद्यात केलेली सक्ती माहीत असते, शाहू महाराजांचा १९१७चा कोल्हापुरातला हुकूमही माहीत असतो, पण त्याच ओळीत भोपाळची ही बुरख्यातली राणी बसते हे आपण कुठल्या पुस्तकात वाचत नाही. निदान मी तरी बी.ए.ला इतिहास घेऊन वाचलं नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं ते चार तुकड्यांचं. जुन्या मध्य प्रदेशातला महाकोशल, ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत, रेवा वगैरे संस्थानांचा विंध्य प्रदेश, आणि चिमुकलं भोपाळ. शिवाय राजस्थानातून सिरोंजचा एक तुकडा जोडला. विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली ती भोपाळला. विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरली. नागपूरच्या सचिवालयातले मराठी कारकून बायकामुलांसह भोपाळला आले, सरकारी क्वार्टर्समध्ये राहिले. त्या वसाहतीचं नाव तात्या टोपे नगर, हल्ली सगळे टी. टी. नगर म्हणतात. मी स्वतः कारकून असल्यामुळे असेल, पण राज्य पुनर्रचनेचा इतिहास वाचताना मला नेहरू आणि फाजल अलींपेक्षा या माणसांचं जास्त वाटतं. घरातला पाळणा, फडताळ, दगडी पाटा, सगळं मालगाडीत घालून एका अनोळखी गावी जायचं, आणि तिथे गेल्यावर कळायचं की आपल्या शेजारच्या टेबलावर ग्वाल्हेरहून आलेला माणूस बसला आहे, आणि दोघांत ज्येष्ठ कोण हे अजून ठरायचं आहे!

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण ज्येष्ठता यादी ही काय चीज आहे हे आम्हाला विचारा. चार राज्यांचे चार प्रकारचे पगार, चार प्रकारची पदनामं, आणि ते सगळं एका यादीत बसवायचं. राज्य पुनर्रचना कायद्यात याच्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत आणि त्यांच्यावरून कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले.

शाळांचंही तेच. भोपाळची मुलं अजमेरच्या बोर्डाची परीक्षा देत, कारण संस्थानी काळात राजपुताना, मध्य हिंदुस्थान आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी १९२९मध्ये अजमेरला एक मंडळ झालं होतं. (हेच पुढे १९५२मध्ये सीबीएसई झालं. म्हणजे आज आपल्या पणजीतली पालक मंडळी ज्या बोर्डाचं नाव घेऊन मान वर करतात, त्याच्या एका टप्प्यावर कार्यक्षेत्र काय होतं, तर अजमेर, भोपाळ आणि विंध्य प्रदेश.) महाकोशलातल्या प्राथमिक शाळा जनपद सभांच्या ताब्यात. या जनपद सभा म्हणजे द्वारकाप्रसाद मिश्रांची १९४८ची योजना, नागपूरच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी आणलेली. तहसिलीएवढ्या क्षेत्राची लोकनियुक्त सभा आणि तिच्याकडे शाळा, रस्ते, दवाखाने. बाकीच्या तीन तुकड्यांत असं काही नव्हतं, तिथे शाळा थेट सरकारच्या. म्हणजे एकाच राज्यात कुठे मास्तर सभेचा नोकर, तर कुठे सरकारचा. शेवटी १९६०च्या दशकात जनपद सभांच्या शिक्षकांना सरकारी सेवेत सामावून घेतलं. परीक्षेचं एकच माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५च्या कायद्यानं भोपाळला उभं राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणून प्रकार असतो. आपला जिल्हा नव्हे, तर शाळांपुरती वेगळी हद्द, वेगळं निवडून आलेलं मंडळ, आणि शाळांसाठी वेगळा कर. १९४०च्या सुमारास असली १ लाख १७ हजार मंडळं होती, आज तेरा हजारांच्या आसपास उरली आहेत. बाकीची एकमेकांत विलीन झाली, आणि प्रत्येक वेळी आधी 'अभ्यास' करावा असा प्रस्ताव, मग सभा, मग भांडणं. आपल्याकडे असं मंडळच नाही, त्यामुळे शाळा कोणाची हा प्रश्न कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात निदान जिल्हा परिषदेची म्हणता येते. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे थेट शिक्षण खात्याची, पंचायतीला विचारतो कोण. मध्य प्रदेशात तर दोन खाती. ८९ आदिवासी विकासखंडांतल्या शाळा आदिवासी कल्याण खात्याकडे आणि उरलेल्या शालेय शिक्षण खात्याकडे. दोन्हींची बदलीची यादी वेगळी, निधीचा रस्ता वेगळा. जनपद सभा हा आपल्याकडचा त्या अमेरिकन मंडळाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग होता असं माझं मत. तो फार टिकला नाही.

आता मास्तरजींकडे येतो. ते नोकरीला लागले १९९७ला, 'गुरुजी' म्हणून. गुरुजी हे तिथे आदरानं मारलेली हाक एवढंच नाही, पदाचं नाव होतं.

१ जानेवारी १९९७ला दिग्विजय सिंह यांच्या सरकारनं शिक्षण हमी योजना सुरू केली. आधीच्या वर्षी घरोघर फिरून पाहणी झाली होती आणि त्यात कळलं की कागदावर गावागावांत शाळा असली तरी मजरे-टोले, म्हणजे मुख्य गावापासून लांबच्या वस्त्या, आपल्याकडचे वाडे म्हणा, तिथली मुलं शाळेत येतच नाहीत. मग योजना अशी केली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, आणि वस्तीत शिकण्याच्या वयाची ४० मुलं असतील (आदिवासी भागात २५), तर लोकांनी पंचायतीमार्फत मागणी करायची. मागणी आल्यापासून ९० दिवसांत सरकारनं शिक्षक द्यायचा. शिक्षक बहुधा त्याच भागातला, लोकांनी सुचवलेला. जागा लोकांनी द्यायची. गुरुजीचं मानधन सुरुवातीला महिना ५०० रुपये.

सरकारला नव्वद दिवसांची मुदत! मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आमच्याकडे नव्वद दिवसांत आवक-नोंद क्रमांक मिळाला तरी माणूस खूश होतो. पण तिथे हे झालं. पहिल्या एका वर्षात पंधरा हजारांवर शाळा उघडल्या, पुढे ती संख्या सव्वीस हजारांच्या घरात गेली. १९९८मध्ये राष्ट्रकुल देशांच्या प्रशासन संघटनेचं बक्षीसही या योजनेला मिळालं आणि नंतर सर्व शिक्षा अभियानात केंद्रानं ती देशभर नेली.

मास्तरजींची शाळा गुरांच्या गोठ्यात भरली. शेणाचा वास आणि माशा, पण फळा नवा कोरा. त्यांनी सांगितलं, "पहले दिन सत्ताईस बच्चे आए, और उनके साथ तेरह बकरियाँ." ज्या मुलीकडे शेळ्या राखायचं काम होतं ती शेळ्या घेऊनच आली होती. मास्तरांनी शेळ्या बाहेर बांधून घेतल्या.

या योजनेवर टीकाही खूप झाली आणि ती चुकीची नव्हती. भोपाळमध्येच राहणारे अनिल सद्गोपाल यांनी सातत्यानं मांडलं की गरिबांसाठी स्वस्तातली समांतर शाळा काढणं म्हणजे सरकारनं आपल्या जबाबदारीतून सुटका करून घेणं. सद्गोपाल हे होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगातलं मोठं नाव. गावातल्या साध्या शाळांतून मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावं, हा कार्यक्रम १९७२ला सुरू झाला, 'एकलव्य' संस्थेनं तो पुढे नेला आणि २००२मध्ये सरकारनं तो बंद केला. त्यांचं म्हणणं शेजारशाळेचं. कलेक्टरचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी एकाच जवळच्या शाळेत. ५०० रुपयांच्या गुरुजीवर वाडीची शाळा चालवायची आणि शहरातल्या मुलाला पूर्ण पगाराचा शिक्षक द्यायचा, याचं समर्थन कठीणच आहे. जुन्या सहायक शिक्षकांचा संवर्ग 'मृत' घोषित करून टाकला होता. म्हणजे जे आहेत ते निवृत्त होतील तसं पद संपेल. त्याजागी शिक्षाकर्मी, मग संविदा शिक्षक, मग अध्यापक. नावं बदलत गेली, पगार रडतखडत वाढला. गुरुजींना पुढे परीक्षा देऊन संविदा शिक्षक होता आलं, आमचे मास्तरजी तसेच झाले. जानेवारी २०१८मध्ये भोपाळच्या मैदानात अध्यापकांचं आंदोलन झालं तेव्हा काही शिक्षिकांनी सगळ्यांसमोर मुंडण करून घेतलं. त्याच महिन्यात मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अध्यापकांना शिक्षण खात्यात घेण्याची घोषणा केली आणि त्या जुलैपासून नवा संवर्ग झाला. म्हणजे साठच्या दशकात सभेकडून सरकारकडे, नव्वदीत सरकारकडून पंचायतीकडे, आणि २०१८ला पुन्हा सरकारकडे. याला तिकडे 'संविलियन' म्हणतात. माणसांचं संविलियन, शाळांचं विलीनीकरण. सरकारी हिंदीत फरक असावा, मला तरी नीट कळला नाही.

माणसांचं संविलियन झालं त्याच काळात शाळांचं विलीनीकरण सुरू झालं. नीती आयोगानं २०१७मध्ये तीन राज्यं निवडून शिक्षण सुधारणेचा एक कार्यक्रम घेतला: मध्य प्रदेश, झारखंड, ओडिशा. मध्य प्रदेशातल्या भागाचं नाव 'एक परिसर एक शाला'. एकाच आवारातल्या सुमारे ३५ हजार शाळांच्या जवळपास १६ हजार शाळा केल्या.

हा आकडा ऐकून आपण दचकतो, पण यातला हा भाग मला शहाणपणाचाच वाटतो. एका कुंपणाच्या आत प्राथमिक शाळा, तिच्या पलीकडे माध्यमिक, पलीकडे कन्या शाळा, प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, हजेरीपट वेगळा, अकरा आकडी यूडायस क्रमांक वेगळा. एकीकडे गणिताचा शिक्षक रिकामा आणि भिंतीपलीकडे गणिताला कोणी नाही. ही भिंत पाडली तर एकाही मुलाला एक पाऊल जास्त चालावं लागत नाही. यावर ज्यांनी आक्षेप घेतला त्यांत पद गेलेले मुख्याध्यापक असणार, आणि त्यांचं दुःख मी समजू शकतो, पण ते दुःख मुलांचं नाही.

प्रश्न कुंपणाबाहेर सुरू होतो. मास्तरजींच्या शाळेचा पट हळूहळू उतरला. काही कुटुंबं कामाला बाहेर गेली, काहींनी मुलं खाजगी इंग्रजी शाळेत घातली. वीसच्या खाली आल्यावर शाळा मुख्य गावातल्या शाळेत मिळवली. अंतर अडीच किलोमीटर. कागदावर पटातली सगळी मुलं त्या शाळेत गेली. प्रत्यक्षात पहिल्या पावसाळ्यात मधला नाला भरला आणि लहान मुलं घरी राहिली. शेळ्यांवाल्या मुलीची मुलगी त्यांत होती, मास्तरजी म्हणाले. मी विचारलं, मग पुढे? ते म्हणाले, नाला उतरल्यावर आली. पण एकदा दोन महिने घरी राहिलेलं मूल परत येतं ते वेगळंच होऊन येतं, मागच्या बाकावर बसायला लागतं.

२०२१मध्ये तिथे 'सीएम राइज' शाळांची योजना मंजूर झाली. एकूण ९,२०० मोठ्या शाळा, पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरातली मुलं बसनं आणायची, प्रयोगशाळा, मैदान, सगळं काही. पहिल्या टप्प्यात साडेतीनशेच्या आसपास. एप्रिल २०२५मध्ये नाव बदलून सांदीपनि विद्यालय केलं, उज्जैनला कृष्ण ज्यांच्याकडे शिकला ते सांदीपनि. साडूंनी जाता जाता भोपाळमधली एक इमारत दाखवली. खोटं कशाला बोलू, इमारत पाहून हेवा वाटला. मास्तरजीही म्हणाले की वरच्या वर्गांसाठी हे चांगलं आहे, अकरावीच्या मुलाला बस मिळाली तर तो वीस किलोमीटर जाईल. सहा वर्षांच्या मुलाचं काय, एवढंच त्यांचं विचारणं.

मोठी शाळा आणि जवळची शाळा यांचं भांडण लावायचं कारण नाही, हे सांगणारा माणूस आपल्या शेजारचा होता. जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक. आंबोली घाट चढून गेलं की आजरा काही लांब नाही. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं 'शाळा संकुल' सुचवलं. मध्ये एक माध्यमिक शाळा, भोवतीच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या, वाचनालय आणि प्रयोगशाळा सगळ्यांची, शिक्षकांनी महिन्यातून एकत्र बसायचं. शाळा जिथल्या तिथे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं हेच संकुल पुन्हा पुढे आणलं. त्यात दिलेले आकडेही बोलके आहेत: २०१६-१७ला देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळपास २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं, आणि एकशिक्षकी शाळा १ लाख ८ हजारांवर. म्हणजे दुखणं खरं आहे. धोरणात हेही लिहिलंय की एकत्रीकरण फार विचारानं करावं, मुलांच्या पोचण्यावर परिणाम होणार नसेल तरच. पण धोरणातून परिपत्रकात येईपर्यंत 'संकुल' शब्दाचं 'समायोजन' होतं आणि अटी गळतात.

महाराष्ट्रात पाहा. डिसेंबर २०१७मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा केवढा गहजब झाला. सप्टेंबर २०२३मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळांचा आकडा तेव्हा पुढे आला. उदाहरण म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवलं. पानशेतचा भाग धरणाचा, वस्त्या विखुरलेल्या, तिथे बस दिली तर कदाचित जमेलही. पण बसचा डिझेल कोण भरणार आणि दहा वर्षांनी कोण भरणार, याचा रकाना प्रस्तावात असतो का?

रकान्यावरून माझ्या टेबलावरचा कागद आठवला. तो सांगायचं मी कबूल केलं होतं.

आपल्या गोव्यात मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे त्याच शाळांत शिकलेत. मीही. चार वर्ग, दोन खोल्या, मंगळुरी कौलं, समोर आंब्याचं झाड. पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. १९९०मध्ये शशिकलाताई शिक्षणमंत्री असताना अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच द्यायचं ठरलं, २०११मध्ये ते इंग्रजी शाळांनाही मिळालं, आणि माध्यमाचं आंदोलन झालं. अनुदानित शाळांना 'बालरथ' बसगाड्या मिळाल्या. सरकारी बस घराच्या दारात येते आणि मुलाला सरकारी शाळेपुढूनच पुढे घेऊन जाते, हे दृश्य आमच्या वाड्यावर मी स्वतः रोज पाहिलंय. पट उतरला. आता दर एक-दोन वर्षांनी कमी पटाच्या शाळा एकत्र करायची गोष्ट निघते, विरोध होतो, आणि प्रस्ताव अभ्यासाधीन जातो.

मी ज्या कार्यालयात तेव्हा होतो (कुठलं ते सोडा) तिथे अशीच एक यादी करायचं काम आलं होतं. रकाने: शाळेचं नाव, पट, शिक्षक, खोल्या, जवळची शाळा, अंतर. शेवटी शेरा. मी आकडे भरत गेलो आणि बाविसाव्या ओळीवर माझी शाळा आली. पट ९. शिक्षक १. जवळची शाळा पलीकडच्या गावची, अंतर १.८ किलोमीटर. हे अंतर कोणीतरी नकाशावर बोट ठेवून काढलेलं. मधे व्हाळ आहे. साकव आहे, पण तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुधा पाण्याखाली असतो. रस्त्यानं वळसा घातला तर चार किलोमीटरच्या वर. हे मला माहीत होतं, कारण सातवीपर्यंत मी त्याच वळशानं पलीकडे पाचवीला, सहावीला गेलोय. यादीत बाकीच्याही एकवीस ओळी होत्या आणि त्यांच्यामधले व्हाळ मला माहीत नव्हते. मी १.८ तसंच ठेवलं. यादी पुढे पाठवली. हे भोपाळला जायच्या आठवडाभर आधी.

मास्तरजींनी नाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा माझा चहा थंड झाला होता. त्यांना यादीचं मी काही सांगितलं नाही. साडूंना रात्री सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही काय ठरवणारे? वरून ठरतं." बायको म्हणाली, "शेरा म्हणून रकाना होता ना?"

परत आल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि ती यादी दुरुस्तीसाठी मागून घेतली. साहेबांनी कारण विचारलं, मी अंतरात चूक आहे म्हटलं. "कुठल्या शाळेच्या?" "बहुतेक सगळ्यांच्याच असेल," मी म्हटलं, "हे सरळ रेषेतलं अंतर आहे." साहेब माणूस वाईट नव्हता. चार दिवसांची मुदत दिली. मी एकेका शाळेच्या मास्तरांना, बाईंना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, पावसात मूल कुठून जाईल? बावीसपैकी आठ शाळांना व्हाळ, खाजन किंवा महामार्ग मधे निघाला. एका बाईंनी तर फोनवरच रडायला सुरुवात केली, त्यांना वाटलं शाळा बंद करायचाच फोन आहे. त्यांची समजूत घालता घालता माझा जेवणाचा वेळ गेला. अंतराचे आकडे बदलले आणि शेऱ्याच्या रकान्यात आठ ठिकाणी लिहिलं: 'पावसाळ्यात मार्ग बंद.'

यादी पुन्हा वर गेली. त्यानंतर माझी बदली झाली. माझ्या शाळेचा पट यंदा ७ आहे, शाळा सुरू आहे. मास्तरजींना दिवाळीला फोन केला होता, त्यांच्याकडे नाल्यावर पूल मंजूर झाला आहे म्हणे.